खोलण्याआधीचा आकडा

आमच्या यवतमाळात जुन्या फियाटचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "फियाटचं इंजिन म्हणजे तीन दिवसांचं काम. मिस्त्री महिना सांगत असेल तर तो तुम्हाला बनवतोय." हे वाक्य मी दत्त चौकात ऐकलं आहे, आर्णी रोडवरच्या गॅरेजबाहेर ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीतही ऐकलं आहे. बोलणारी माणसं अडाणी नसतात. त्यांच्यापैकी कित्येकांनी स्वतः वीस-वीस वर्षं पद्मिनी चालवली, पुसद-नागपूर वाऱ्या केल्या, घाटात तापलेल्या रेडिएटरवर ओलं फडकं टाकून झाकण उघडलं. त्यांचं म्हणणं झटकून टाकणं बरोबर नाही. ते आधी पूर्ण ताकदीनं मांडू.

पूर्वपक्ष असा. हे इंजिन साधं आहे. चार सिलिंडर, १०८९ सीसी, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, तीन मेन बेअरिंग. संगणक नाही, सेन्सर नाही. १९६४ च्या फियाट डिलाइटपासून ते २००० च्या सुमारास पद्मिनी बंद होईपर्यंत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून मुळात हेच इंजिन बाहेर पडत राहिलं. म्हणजे मिस्त्रींच्या हाताखालून अशी शेकडो इंजिनं गेलेली. कंपन्यांकडे तर प्रत्येक कामाला किती तास लागावेत याची छापील पुस्तकं असतात. मग खोलण्याआधी तास सांगायला अडचण कोणती? गिऱ्हाईक काही कोरा धनादेश घेऊन आलेलं नसतं. आकडा न सांगणारा मिस्त्री एक तर कामात कच्चा, नाही तर नियतीचा खोटा.

यातली गिऱ्हाइकाची काळजी मला शंभर टक्के मान्य आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्या चुकीपायी या जिल्ह्यातली कितीतरी चांगली इंजिनं भंगारात गेली, असं माझं ठाम मत आहे.

चूक कुठे आहे हे सांगायला न्यायशास्त्राचा एक जुना दाखला उपयोगी पडतो. डोंगरावर धूर दिसला तर तिथं अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण उलट बाजूनं, अग्नी आहे म्हणजे धूर असणारच, हे अनुमान चुकतं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला सरपण ओलं लागतं. या ओल्या सरपणाला नैयायिक उपाधी म्हणतात : गुपचूप येऊन बसलेली अट, जी बोलणाऱ्यानं उच्चारलेली नसते पण जिच्यावाचून त्याचं वाक्य खरं ठरत नाही. "पुस्तकात इतके तास आहेत, म्हणून या इंजिनाला इतके तास लागतील" या वाक्यातही अशीच एक उपाधी दडलेली आहे. ती म्हणजे नवेपणा. पुस्तकातले तास प्रामुख्यानं वॉरंटीतल्या कामांसाठी बसवलेले असतात. गाडी दोन-चार वर्षांची, बोल्ट सुटणारा, सुटा भाग कपाटात तयार, हत्यार त्याच कामासाठी बनवलेलं. ही अट काढून घ्या, पुस्तकातला आकडा लटका पडतो.

या पुस्तकांमागचा विचार कामगारांचं काम सेकंदावर मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलरच्या घड्याळाला फार जवळचा आहे. त्याचा ग्रंथ १९११ चा. बेथलेहेम स्टीलच्या आवारात कच्च्या लोखंडाच्या लगडी वाहणाऱ्या मजुराचं काम दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर नेलं, असं त्यानं त्यात लिहिलं आहे. त्या हिशेबाच्या खरेखोटेपणावर पुढे पुष्कळ वाद झाले, ते बाजूला ठेवू. मला त्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते : टेलरची प्रत्येक लगड ९२ पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे ४२ किलोची होती. पहिली उचलायला जितका वेळ, तितकाच हजारावीला. घड्याळ लावायला ते काम योग्यच होतं. पन्नास वर्षं पाच मालकांनी वापरलेली पाच इंजिनं ही एकसारख्या लगडी नव्हेत.

आणि आमच्याकडची इंजिनं तर नाहीतच. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. पुण्या-मुंबईच्या गाडीत आणि आमच्या गाडीत पहिला फरक पडतो तो पाण्याचा. इथं बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं गेलं. कूलंट कुणी घालत नव्हतं. त्या पाण्यातले क्षार ब्लॉकच्या पोटात साचत गेले, वाटा अरुंद झाल्या, आणि मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना शेवटच्या सिलिंडरापाशी पाणी पोचेनासं झालं. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना चिकटून बसले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. हेडचे सगळे नट सुटतात आणि हेड जागचं हलत नाही. मग गरम करा, तेल सोडा, सकाळी परत या, लाकडी ठोकळा लावून हळूच टपल्या मारा. या कामाला पुस्तकात ओळसुद्धा नाही. अ‍ॅम्बॅसडरचं हेड बिडाचं, म्हणून तिथं ही भानगड कमी. पण तिची दुसरी आहे. १४८९ सीसीच्या त्या इंजिनाची घडण शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातली. ते शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला राखत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि बिडाच्या त्या बैठका हळूहळू खचू लागल्या. आता हेड उघडलं की कडक धातूच्या नव्या सीट बसवायच्या की नाही, हा प्रश्न समोर येतो. त्याचे तास त्या काळच्या पुस्तकात कुठून असणार? पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून कार्बोरेटर आणि पंपाच्या जुन्या रबरी पडद्यांचंही तेच.

"पण धुरावरून तर कळतं ना!" असं एक चिवट उत्तर यावर येतं. कळतं, पण अर्धंच. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इथवर अनुमान पक्कं. ऑइल रिंगांवरून वर चढतंय की व्हॉल्व्ह गाइडमधून खाली झिरपतंय, हे धूर सांगत नाही. कॉम्प्रेशन तपासताना प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि काटा वर चढला, तर दोष रिंग-बोअरकडे. नाही चढला तर व्हॉल्व्हकडे. आणखी एक पायरी पुढे गेलो. तरी बोअर किती झिजलाय, अंडाकृती झालाय का, क्रँकवर ओरखडे आहेत का, हे कोणत्याही काट्यानं बाहेरून कळत नाही. मिस्त्री म्हणतो, "भाऊ, खोलल्याबिगर कसा सांगू? आंदर काय हाये थे मले तरी काय मालूम?" लोकांना ही टाळाटाळ वाटते. मला हे या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत अचूक वाक्य वाटतं.

आत गेल्यावर जे होतं ते एकदा शेजारी बसून पाहायला हवं. मी पाहिलं आहे. धुतलेला क्रँक जुन्या धोतराच्या फडक्यावर ठेवलेला. त्याचे सात जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग : तीन मेनचे, चार बिगएंडचे. मिस्त्री मायक्रोमीटर घेऊन प्रत्येक जर्नल दोन टोकांना मोजतो, आणि प्रत्येक टोकाला उभा आणि आडवा. म्हणजे एका जर्नलचे चार आकडे, सातांचे अठ्ठावीस. मग चार बोअर. प्रत्येक वर, मधे आणि खाली, पुन्हा दोन्ही दिशांनी. ते चोवीस. एकूण बावन्न आकडे. मायक्रोमीटरचा रॅचेट तीनदा टिकटिकला की हात थांबवायचा, जास्त आवळायचं नाही, आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. पोऱ्या वहीत लिहितो. एखादा आकडा पटला नाही तर मिस्त्री फडक्यानं जर्नल पुन्हा पुसतो आणि पुन्हा मोजतो. त्या दिवशी तिसऱ्या बिगएंडचा उभा आणि आडवा आकडा जुळेना. चार वेळा मोजला. जर्नल खरंच लंबगोल झाला होता. तिथं त्या क्षणी कामाचा सगळा हिशेब बदलला. पॉलिशवर भागणार असं वाटलेला क्रँक ग्राइंडिंगला नागपूरला जाणार हे ठरलं.

आणि ग्राइंडिंगला गेला म्हणजे लगेच बेअरिंग आणता येत नाहीत. दहा थाऊ, म्हणजे इंचाचे दहा हजारावे भाग, घासून जर्नल साफ निघाला तर दहा अंडरसाइजची बेअरिंग, नाही निघाला तर वीसची. बोअरचंही तसंच. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करायचा नाही, असा चांगल्या मिस्त्रींचा दंडक आहे, कारण बोअर पिस्टन मोजून त्याला साजेसा करायचा असतो. पद्मिनीचे पिस्टन आता दुकानात लटकलेले नसतात. फोनाफोनी होते, कधी मुंबईहून येतात, कधी आलेला सेट चुकीच्या साइजचा निघतो. या दिवसांत मिस्त्रींचा पाना हलतही नाही, आणि गिऱ्हाइकाच्या मनात मात्र घड्याळ चालू असतं. पान्याचे तास आणि पंचांगाचे दिवस या दोन गोष्टी आपण एकच धरतो. "तीन दिवसांचं काम" या म्हणण्याचा जन्म याच घोटाळ्यातून झाला आहे.

माझ्या वडिलांच्या पद्मिनीच्या दुसऱ्या बांधणीची नोंद मी वहीत ठेवली होती. इंजिन गाडीतून काढणं ५ तास. खोलणं ४. धुणं आणि खरवडणं ९. मोजमाप ४. अडकलेले बोल्ट आणि गेलेले आटे ७. हेड आणि व्हॉल्व्ह घासणं ६. बांधणं ११. परत बसवणं ६. चालू करून ऐकणं, गरम झाल्यावर पुन्हा टॅपेट आणि हेड आवळणं ५. बेरीज ५७ तास, आणि दिवस लागले २६. नऊ नोंदींपैकी आधी पक्का सांगता आला असता असा आकडा काढणं, बांधणं आणि बसवणं यांचाच. लोकांच्या डोळ्यांसमोर जे "इंजिनचं काम" असतं ते म्हणजे ती बांधणी. ती सगळ्या कामाचा पाचवा हिस्साही नव्हती. एका गाडीवरून नियम काढू नये हे मला कळतं. दुसऱ्या गाडीत अडकलेल्या बोल्टांचे सात तास शून्यावर येतील किंवा वीसवर जातील. माझा मुद्दा तोच आहे.

इथं अनुभवाचा आक्षेप येतो : शंभर इंजिनं बांधलेल्या माणसाला सरासरी तरी माहीत असेल. असेल ना! पण सरासरी दोन्ही बाजूंनी सारखी सरकणारी असती तर तिचा उपयोग होता. इंजिनाचे तास एका बाजूला भिंतीला टेकलेले असतात आणि दुसऱ्या बाजूला मोकळं रान. पस्तीस तासांच्या खाली कुणीही नीट काम करू शकणार नाही. वर मात्र साठ, ऐंशी, शंभर, काहीही होऊ शकतं. अनुभवी मिस्त्रीला ही भिंत माहीत असते, आणि रानात कुठे कुठे खड्डे असतात तेही माहीत असतं. म्हणून तो मोघम बोलतो. छातीठोक आकडा सांगायला नवशिका पोऱ्या पुरतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. खोलण्याआधी आकडा पाहिजेच, असा हट्ट धरला की मिस्त्री गुत्ता घेतो. इतके पैसे, इतके दिवस, बोल संपला. गिऱ्हाइकाला वाटतं आपण जोखीम मिस्त्रींच्या गळ्यात घातली. वास्तविक गुत्त्यात जोखीम नाहीशी होत नाही, ती इंजिनात जाऊन बसते. ठरलेल्या मजुरीत सात तासांचा बोल्ट निघाला तर ते सात तास कुठून तरी भरून काढावे लागतात. ते न दिसणाऱ्या जागीच निघतात. बावन्न आकड्यांऐवजी चार घेतले जातात. क्रँकच्या आतल्या ऑइलच्या वाटा तारेनं आणि हवेनं साफ करायच्या राहून जातात. ब्लॉकमधला क्षार तसाच ठेवून वरून रंग मारला जातो. रंगवलेलं इंजिन नव्यासारखं दिसतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. त्याच पद्मिनीची पहिली बांधणी आम्ही दुसऱ्या गावच्या एका गॅरेजात गुत्त्यानं करून घेतली होती. चार दिवसांत, घासाघीस करून, आणि घासाघीस करणारा मीच. वडिलांनी एकदा म्हटलंही होतं की त्याला थोडे दिवस घेऊ दे. गाडी आली तेव्हा आवाज गोड होता. जेमतेम तीनशे किलोमीटर झाले असतील, आर्णीच्या अलीकडे ऑइलचा दिवा लुकलुकला आणि खालून ठोके सुरू झाले. ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. खोलल्यावर बिगएंडच्या बेअरिंगवर नखानं ओढल्यासारख्या रेघा होत्या. क्रँकच्या वाटेत अडकलेली ग्राइंडिंगची कचरी ऑइलबरोबर नव्या बेअरिंगमध्ये उतरली होती. ती वाट साफ करायला दोन तास लागले असते. ते दोन तास मी घासाघिशीत काढून घेतले होते. त्या गॅरेजवाल्याला दोष द्यावासा मला आजही वाटत नाही. त्याला मी दुसरा रस्ताच ठेवला नव्हता.

याचा अर्थ "जुन्या गाडीचं काही सांगता येत नाही, बघू" म्हणणाऱ्यांची बाजू मी घेतोय असं नाही. तो पक्षही तितकाच खोडून काढण्यासारखा आहे. जिल्ह्यातल्या कित्येक गॅरेजांच्या मागच्या भिंतीला गोणपाटात बांधलेली इंजिनं पडून आहेत. त्यांचे नट डब्यात एकत्र मिसळलेले, मालकानं येणं सोडलेलं, मिस्त्रींना कुठून सुरुवात करायची ते आठवेनासं झालेलं. ही "बघू"ची फळं. काही सांगता येत नाही म्हणून काहीच न सांगणं ही प्रामाणिकपणाची खूण नव्हे. जे माहीत नाही त्याच्या कडा तरी सांगता येतात.

त्या कशा सांगायच्या हे शिकायला आम्हाला लांब जावं लागत नाही. आमच्या शेतात विहिरी आहेत. यवतमाळ, दारव्हा, दिग्रसकडे वर काळी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. वणीकडे गेलात तर चुनखडी आणि कोळसाही. कातळ किती खाली लागेल हे खोदणाऱ्याला माहीत नसतं, शेतकऱ्यालाही नसतं. म्हणून शहाणा शेतकरी पूर्ण विहिरीचा एकच आकडा मागत नाही. मातीचा दर वेगळा, मुरुमाचा वेगळा, सुरुंग लावावा लागला तर त्याचा वेगळा. कातळ लागला की काम थांबतं, मालक काठावर येऊन उभा राहतो, आत वाकून बघतो, आणि पुढे जायचं की नाही ते ठरतं. अज्ञाताचा सौदा कसा करावा याचं हे आपल्या मातीतलं शास्त्र आहे, आणि ते आपण काठावरच ठेवून गॅरेजात शिरतो.

इंजिनाचीही विहीर करावी, एवढंच माझं मंडन आहे. काढणं, खोलणं, धुणं आणि मोजणं याची मजुरी ठोक आणि आधी ठरलेली. हा मातीचा थर. मोजून झालं की मालकाला बोलवायचं, बावन्न आकडे त्याच्यापुढे ठेवायचे, आणि ग्राइंडिंग, बोअर, हेड यांचा खर्च तेव्हा सांगायचा. बांधण्याची मजुरी पुन्हा ठोक, कारण ती सांगता येते. अडकलेला बोल्ट, गेलेला आटा, तडकलेलं हेड याला तासावर दर, पण एक मर्यादा लावून : अमुक तासांपुढे जायचं झालं तर आधी फोन. आणि वाट पाहण्याचे दिवस या हिशेबात धरायचेच नाहीत, ते कागदावर वेगळे लिहायचे. आमच्या दुसऱ्या बांधणीचा मिस्त्री असंच करतो. त्याला मी हे शिकवलेलं नाही. त्याच्या घरी शेती आहे.

यावर शेवटचा आक्षेप मला एका वकील मित्रानं घातला : मोजण्याचे पैसे दिले आणि पुढचा खर्च झेपला नाही, तर ते पैसे पाण्यात गेले की नाही? नाही गेले. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. म्हणजे दुसऱ्या गाडीचं इंजिन आणून ठोकण्याची पूर्वीची पळवाट अशा गाडीला परवडणारी नाही. जे आहे तेच इंजिन सांभाळायचं तर त्याची अवस्था लिहिलेली असणं हीच मोठी कमाई आहे. पैसे जमल्यावर दोन वर्षांनी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलात तरी तो त्या आकड्यांवरून काम पुढे नेऊ शकतो. त्याला फक्त गंज तपासावा लागेल.

आमच्या गाडीचा तो कागद आरसी बुकाच्या प्लॅस्टिकमध्ये घडी करून ठेवला आहे. पोऱ्याच्या अक्षरातले बावन्न आकडे, त्यांतला तिसऱ्या बिगएंडचा चार वेळा खोडून लिहिलेला, आणि खाली ऑइलच्या बोटाचा ठसा.